साक्षीदारांना आहेर

मृत्युपत्राला दोन साक्षीदार लागतात. दोनच. वऱ्हाड लागत नाही. तरीही नाचणगावच्या मोतीलालजींचं मृत्युपत्र करताना माझा अख्खा शनिवार गेला. दुपारी चारपर्यंत त्यांच्या ओसरीवर अर्धी गल्ली जमली होती, आणि माझ्याजवळ साक्षीदार एकही नव्हता.

मी रोशनी. राहते सिंदी मेघेला, वकिली करते वर्ध्याच्या कोर्टात. मी लवकर चिडते असं सगळे म्हणतात. म्हणोत. त्या शनिवारी माझ्या जागी गौतम बुद्ध बसले असते तरी एकदा तरी उठून पाणी प्यायला गेले असते, हे मी बौद्ध घरातली मुलगी म्हणून जबाबदारीनं सांगते.

मोतीलालजी म्हणजे माझ्या मैत्रिणीचे, अंजूचे, बाबूजी. जन्मदाते नव्हेत. अंजू ही त्यांच्या बायकोच्या, अनुसयाबाईंच्या बहिणीची मुलगी. तिचे आईवडील ती लहान असतानाच गेले आणि अनुसयाबाई तिला कडेवर घेऊन नाचणगावला आल्या. दत्तकविधान वगैरे कोणाच्या डोक्यातही आलं नाही. घरात पोर आली, पोर वाढली, झालं. आता अनुसयाबाई नाहीत. मोतीलालजींना स्वतःचं मूल नाही. घर अंजू चालवते, घराच्या पुढच्या खोल्यांतलं कापडाचं दुकानही अंजूच चालवते, आणि कायद्यानं तिचा त्यातल्या एका खुंटीवरही हक्क नाही. मोतीलालजींचं काही बरंवाईट झालं तर सगळं जाणार त्यांच्या नागपूरच्या पुतण्याकडे, प्रफुलकडे. प्रफुल तसा वाईट नाही. फक्त गेल्या दिवाळीला आला तेव्हा काकांच्या पाया पडून झाल्यावर त्यानं खिशातून टेप काढला आणि दुकानाची रुंदी मोजली.

हे सगळं मी मोतीलालजींना कितीदा समजावलं होतं. ते दर वेळी "बराबर हाय तुह्यं" म्हणत आणि मला पाव मीटर काहीतरी कापड देऊन रवाना करत. अंजूला विचारलं तर ती म्हणायची, "मागून घेतलेलं घर मले नको, रोशनी." म्हणजे एक देत नव्हता आणि एक मागत नव्हती, आणि मधल्या मधे माझं डोकं फिरत होतं.

शेवटी मोतीलालजींच्या पित्ताच्या खड्यांनी माझं ऐकलं. पोटात इतकं दुखायला लागलं की सेवाग्रामला सोमवारचं ऑपरेशन ठरलं. मग मोतीलालजींचा फोन आला, "ये वो पोरी. कागद करून टाकू." मी लगेच निघाले. सोबत बाबा आले. बाबा म्हणजे भैयाजी, तहसील कचेरीतून रिटायर झालेले. घरी बसून कंटाळतात म्हणून माझ्या स्कूटीवर मागे बसून तालुके फिरतात.

आता मोतीलालजींची एक खोड सांगितली पाहिजे. त्यांच्या दारातून कोणी रिकाम्या हातानं जात नाही. जाऊच देत नाहीत. पोस्टमनला टॉवेल, गणपतीच्या वर्गणीवाल्यांना वर्गणी आणि वर रुमाल, बायांना ब्लाऊजपीस. एकदा एक माणूस पुलगावच्या स्टेशनचा रस्ता विचारायला ओसरीवर चढला, तो लुंगी घेऊन स्टेशनवर गेला. ओसरीवर पंख्याखाली एक वेताची खुर्ची आहे. आलेला पाहुणा तिच्यात बसतो. घरची माणसं त्या खुर्चीत कधी बसत नाहीत. तिच्यात बसलेल्याला काही दिल्याशिवाय मोतीलालजींना घास गोड लागत नाही.

मी त्याच खुर्चीत बसले, कागद मांडीवर घेतला आणि म्हटलं, "काकाजी, आधी घर आन् दुकान. कोनाच्या नावानं लिवू?"

"थांब," ते म्हणाले. "घरचे शेवटच्या पंगतीले बसते. आधी बाहेरच्याईचं उरकू."

मला वाटलं, बरं, असू दे. वर चार ओळींची जागा सोडली. अंजू दारात पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. तिनं त्या रिकाम्या जागेकडे पाहिलं आणि आत निघून गेली.

"लिव," मोतीलालजी म्हणाले. "रोशनीले शिलाई मशीन."

"कोन्त्या रोशनीले?"

"तुलेच वो! खुर्चीत तूच बसून हायस ना?"

मी पेन खाली ठेवलं. त्यांना सांगितलं की साक्षीदार म्हणून एक सही मीच करणार होते, आणि ज्याला कागदातून काही मिळतं त्यानं साक्षीदार होऊ नये. कायद्याच्या बारकाव्यात शिरत नाही, पण उद्या प्रफुलनं भांडण काढलं तर त्याचा वकील उभा राहून विचारणार, का हो, तुम्हाला मशीन मिळाली म्हणूनच सही केली ना? असले प्रश्न मी स्वतः लोकांना विचारलेले आहेत. फार मजा येते.

"मंग मशीन खोडू?" मी विचारलं.

मोतीलालजींनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांच्या ताटातली भाकर उचलली. "देल्ला शब्द खोडाचा? दुसरा साक्षीदार पाय ना. तुह्ये बाबा नाईत का?"

बाबा तयारच होते. तहसीलीत उभा जन्म नोकरी केली, पण कोणाच्या चहाला शिवले नाहीत, हे ते रोज एकदा तरी सांगतात. असा कडक साक्षीदार शोधून मिळाला नसता. ते वेताच्या खुर्चीत बसले. मोतीलालजींनी त्यांच्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाले, "भैयाजीले रेडिओ."

"नाई नाई मोतीलालजी, मी कोनाचं काई घेत नाई," बाबा म्हणाले. मग जरा थांबून म्हणाले, "विविधभारती लागते का त्याच्यावर?"

दोन उमेदवार बाद झाले. मी अंजूला शेजारी पाठवलं. विमलाबाई आल्या, पदरानं वारा घेत खुर्चीत टेकल्या आणि वर बघून म्हणाल्या, "बाप्पा बाप्पा, काय हवा लागते या पंख्याची!" झालं. विमलाबाईंना पंखा. मी ओरडलेच, "काकाजी, त्या सहीले आल्या, पंख्याले नाई!" पण विमलाबाईंचे डोळे भरून आले होते. त्यांच्या घरच्या पंख्याला नुसता आवाज आहे, वारा नाही. भरल्या डोळ्यांच्या बाईसमोर मला पंखा खोडता येईना.

त्यांच्यामागून वासुदेवराव टेलर आले. ते येताना पायरीवरच मी त्यांना दम दिला, "भाऊ, काईच बोलू नका, कशाकडे पाहू नका, सही करा आन् जा." बिचारे मान खाली घालून खुर्चीत बसले. मोतीलालजींना त्यांची ती खाली घातलेली मान पाहून इतकं वाईट वाटलं की त्यांनी ओसरीवरचा सागवानी झोपाळा त्यांना देऊन टाकला.

मग मी एक शहाणपण केलं. मीटरचं रीडिंग घ्यायला एक अनोळखी माणूस दारात आला होता. ना ओळख ना पाळख. मी त्याला हात धरूनच वर आणला. त्याच्याही नावावर कागदात छत्री चढली. रीडिंग घ्यायचं विसरून तो खुशीत निघून गेला.

"काकाजी, एक काम करा," मी शेवटी हात जोडून म्हणाले. "हे सारं आजच वाटून टाका. मंग कागदात लिवाचं कामच नाई. सारे साक्षीदार मोकळे."

"पंखा आज देऊ? पंचेचाळीसच्या वर गेला हाय पारा! ऑपरेशनच्या आधीच मारतं का मले?"

ते खरं होतं. ज्या झोपाळ्यावर ते झुलत होते तोही आज देता येण्यासारखा नव्हता. बाबा रेडिओ मांडीवर घेऊन बसले होते, पण त्यावर मोतीलालजींना संध्याकाळच्या बातम्या लागत होत्या. विमलाबाई आणि वासुदेवरावही गेले नव्हते. चहा व्हायचा होता, आणि आपली वस्तू नजरेआड करायला कोणाचा जीव होत नव्हता.

मी डोकं चालवलं. मोतीलालजी ज्याला काहीच देणार नाहीत असा माणूस हवा. तसा नाचणगावात एकच होता, समोरच्या दुकानाचे प्रभाकरराव. त्यांचंही कापडाचंच दुकान. दोघांत ताडपत्रीच्या एका दोरीवरून भांडण झालं होतं. त्यानंतर दोघे एकमेकांच्या दुकानाकडे पाठ करून गिऱ्हाईक करत. मी रस्ता ओलांडून गेले, परिस्थिती सांगितली. प्रभाकरराव म्हणाले, "पोरीच्या कामाले येतो. त्याच्या घरचं पानी पेनार नाई."

मला आनंदानं उडी मारावीशी वाटली. ते आले, खुर्चीत बसले, पाणी नाकारलं, चहा नाकारला. पेन उचललं. मोतीलालजी दुसरीकडे बघत होते.

"लिव रोशनी," मोतीलालजी भिंतीकडे बघत म्हणाले. "याले माह्या लोखंडी गज."

गज म्हणजे कापड मोजायची पट्टी. मोतीलालजींच्या दुकानातली ती त्यांच्या वडिलांपासूनची.

"मले काऊन?" प्रभाकरराव तडकले.

"तुह्या गज बोटभर आखूड हाय म्हनून. मी असेपर्यंत लोक माह्याकडं येऊन बराबर मोजून घेते. मी गेल्यावर या रस्त्यावर कोनी तं सीधं मोजलं पायजे."

मला वाटलं, आता मारामारी होणार आणि मृत्युपत्राआधी मला एफआयआर लिहावा लागणार. पण प्रभाकरराव कागदावर वाकले. मग म्हणाले, "पक्कं लिवलं ना?" मी म्हटलं, "खोडते, काका." तर माझ्या हातावर हात ठेवून म्हणाले, "राहू दे." आणि चहा मागितला.

चार वाजले. मोतीलालजींनी कूस धरली, चेहरा आखडला. अंजू धावत आली, त्यांच्या पाठीशी उशी लावली. "आज राहू दे वो," ते मला म्हणाले. "सोमवार होऊ दे, मंग निवांत करू."

सोमवारनंतर निवांत करू म्हणणाऱ्यांच्या मुलीबाळी मी कोर्टाच्या व्हरांड्यात बसलेल्या रोज पाहते. "नाई काकाजी, आजच," मी म्हटलं. "आता बाहेरचे झाले. शेवटची पंगत वाढा. घर आन् दुकान कोनाले?"

"हे काय विचारणं झालं? घर अंजूचंच हाय."

"मंग लिवते. घर अंजूले..."

"लिवू नको!"

मी थांबले. अंजू उशी सारखी करत होती, तिचे हात थांबले.

"काऊन लिवाचं?" मोतीलालजी म्हणाले. "साऱ्या गावाले मालूम हाय, ते माही पोरगी हाय. हे बाकीचे परके हायेत, म्हनून त्याईचे नावं लिवले. आपल्या पोरीले कोनी घरच्या घरात आहेर करते का? तिचं नाव या रांगीत लिवलं तं तेबी पाहुनीच झाली ना! अनुसयानं कडेवर आनली ते पाहुनी म्हनून नाई आनली."

मला आता कळलं की वरची चार ओळींची जागा ते भरणारच नव्हते. राग कोणावर काढायचा तेही समजेना, कारण माणूस जे बोलत होता ते प्रेमानंच बोलत होता आणि त्याच प्रेमानं मुलीला रस्त्यावर आणत होता. मी म्हटलं, "काकाजी, गावाले मालूम असून भागत नाई. कागदाले मालूम पायजे."

पण त्यांचं लक्ष नव्हतं. त्यांचा चेहरा एकदम उजळला होता. "अवो, आपन येड्यावानी हिंडून राह्यलो! तूच म्हनतं ना, कागदात ज्याचं नाव नाई तो साक्षीदार चालते? मंग अंजू हाय ना! तिचं नाव कोठीच नाई!"

विमलाबाईंनी तोंडाला पदर लावला. बाबांनी रेडिओ बंद केला. मला रडू आलं आणि मोतीलालजींच्या डोक्यात फाईल घालावीशी वाटली, दोन्ही एकदमच.

अंजूनं हात ओढणीला पुसले. ती आली आणि त्या वेताच्या खुर्चीत बसली. इतकी वर्षं त्या घरात राहून पहिल्यांदाच बसली. माझ्या हातातलं पेन घेतलं. "कोठी करू सही?" तिनं विचारलं.

मी बोट दाखवलं नाही.

"बरं, सही करतो," ती म्हणाली. "पन बाबूजी, आधी कामाचं समजून घेतो. विमलामावशीले पंखा देल्ला. तो काढून कोन देईन?"

"तूच देशीन. वायरमनले बलावजो."

"झोपाळा वासुदेवभाऊच्या घरी कोन पोचवन?"

"तूच ना! दुसरं कोन हाय मले?"

"मी घरात कशी शिरीन? कुलूप तं प्रफुलदादाचं राहीन."

"प्रफुल उघडून देईन की."

"दिवाळीले तो टेप घेऊन आलता, बाबूजी." अंजूचा आवाज चढला. मी तिला इतकं मोठ्यानं बोलताना दुकानातही कधी ऐकलं नव्हतं. "झोपाळ्याच्या जागी त्याले शटर लावाचं हाय. हे सारे येतीन आपल्या दारात. विमलामावशी येईन, भैयाजीकाका येतीन, प्रभाकरकाका येतीन. कुलूप पाहतीन आन् खाली हातानं वापस जातीन. तुमच्या दारातून!"

पंखा फिरत होता. मोतीलालजींनी ओसरीवर बसलेल्या एकेकाकडे पाहिलं. खड्यांचं दुखणं, ऑपरेशन, मरण, यातल्या कशालाही तो माणूस दिवसभर घाबरला नव्हता. आता घाबरला.

"खाली हातानं?" ते म्हणाले.

"खाली हातानं," विमलाबाईंनी पंख्याकडे बघत उसासा टाकला.

"रोशनी, फाड तो कागद!"

मी फाडला. असा आनंद मला एखादी केस जिंकल्यावरही झालेला नाही.

"नवा घे. लिव. घर, दुकान, दुकानातला माल, घरातली सारी चीजवस्तू, सुई-दोऱ्यापासून झोपाळ्यापर्यंत, सारं अंजूले. बाकी कोनाचंच नाव लिवू नको. मी नसलो का आल्यागेल्याचं ते पाहीन." मग अंजूकडे वळून जरा रागावूनच म्हणाले, "हा आहेर नाई वो पोरी. हे काम हाय. घरच्याच मानसाले सांगता येते. कर मंग. आन् ऊठ त्या खुर्चीतून, ते पाहुन्याची हाय."

अंजू उठली. उठून झोपाळ्यावर त्यांच्या शेजारी बसली आणि ओढणीत तोंड घालून रडली. मोतीलालजी तिच्या पाठीवर थापटत आम्हाला म्हणाले, "उन्हाचा तरास होते तिले."

अख्खं मृत्युपत्र मोजून पाच ओळींत बसलं. आता अंजूशिवाय कोणाचंच नाव कागदात नव्हतं, त्यामुळे ओसरीवर बसलेला जो तो साक्षीदार व्हायला मोकळा झाला. आणि एकदा मोकळा झाल्यावर कोणी मागे हटेना. मोतीलालजींनी सर्वांसमोर सही केली. मग बाबांनी केली, विमलाबाईंनी केली, वासुदेवरावांनी केली. प्रभाकररावांनी खालची ओळ बोटानं मोजली, जागा पुरते याची खात्री केली आणि सगळ्यांत मोठी सही केली. दोन लागत होते, चार झाले. जास्त झाल्यानं कायद्याचं काही बिघडत नाही.

निघायची वेळ झाली. विमलाबाई उठल्या, पण पायरीशी घुटमळल्या. "अंजू," त्या म्हणाल्या, "मंग त्या पंख्याचं, म्हंजे पुढं मागं, लक्षात ठेवशीन ना वो?"

अंजूनं वर पंख्याकडे पाहिलं. मग मोतीलालजींच्या कपाळावरच्या घामाकडे पाहिलं. "नाई मावशी," ती म्हणाली. "पंखा नाई देत. बाबूजी याच्याच खाली झोपते. ऑपरेशन करून येतीन, तेव्हाबी याच्याच खाली झोपतीन. मंगबी पंखा इथंच राहीन."

त्या ओसरीवर "नाही देत" हे शब्द कोणी कधी उच्चारले नव्हते. मी पटकन मोतीलालजींकडे पाहिलं. मला वाटलं, आता हा माणूस दुसराही कागद फाडायला लावतो की काय. मी फाईल छातीशी धरली.

"थांबा, खाली हातानं जाऊ नका," अंजू म्हणाली आणि दुकानात जाऊन एक ब्लाऊजपीस घेऊन आली. चांगला, काठाचा. विमलाबाईंनी घेतला, पण तोंड पाडूनच.

मोतीलालजी आधी कूस धरून हळू हसले, मग मोठ्यानं हसले, मग "हसवू नका बाप्पा, खडे हालते" म्हणत पुन्हा हसले. डोळे पुसले आणि म्हणाले, "नाराज नका होऊ, विमलाबाई. पोरगी परकी असती तं तिनं देऊन टाकला असता."